सहहिस्सेदारांचे झाड

बहुखोडी बोन्साय म्हणजे एकाच बुंध्यातून, अगदी जमिनीलगत फुटलेली तीन, पाच किंवा सात खोडे एकत्र वाढवून उथळ कुंडीत तयार केलेले बुटके झाड. जपानी परंपरेत या प्रकाराला काबुदाची म्हणतात. खोडे दोनच असतील तर सोकान, तीन असतील तर सांकान. निरनिराळी रोपे एका तबकात लावून केलेले छोटे वन हा वेगळा प्रकार. त्याचे नाव योसे-उए. वन आणि काबुदाची यांतला फरक परदेशी पुस्तकांत आकृत्या काढून समजावलेला असतो. वसई तालुक्यात आकृतीची गरज पडत नाही. वनात प्रत्येक झाडाचा सातबारा स्वतंत्र असतो. काबुदाचीत सातबारा एक आणि त्यावर नावे पाच. मूळ एक, पाणी एक, खत एक, आणि रस्त्यालगतचा तुकडा आपलाच अशी प्रत्येक खोडाची ठाम समजूत.

या प्रकारासाठी थंड देशांत यू हा वृक्ष फार मानला जातो. यू सूचिपर्णी आहे, पण त्याला देवदारासारखे शंकू येत नाहीत. बी एका लाल, मऊ, पेल्याच्या आकाराच्या वेष्टणात बसलेले असते. झाड अतिशय सावकाश वाढते आणि फार जगते. स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगॉल गावच्या चर्चच्या आवारातला यू हजारो वर्षांचा मानतात. त्याचे मूळचे खोड कधीच फुटून विभागले गेले आहे आणि आज त्याचे निरनिराळे तुकडे आपापला संसार करताना दिसतात. हा यू कित्येक पिढ्या नर म्हणून ओळखला जात होता. २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीला लाल फळे धरलेली आढळली. इतक्या वयात घराण्यातल्या एकाच शाखेने असा निर्णय घेतल्यावर बाकीच्या शाखांना काय वाटले असेल, याचा अभ्यास वनस्पतिशास्त्राने अजून हाती घेतलेला नाही.

बोन्सायवाल्यांना यू आवडतो त्याची कारणे व्यवहारी आहेत. पाइन किंवा जुनिपर यांची फांदी पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत छाटली की ती बहुधा मरते. यू मात्र जुन्या, उघड्या लाकडातूनही नवे कोंभ काढतो. म्हणून ब्रिटनमधल्या जुन्या बागांची यूची कुंपणे उपटली जातात तेव्हा ते ठोंब घेऊन जायला माणसे उभी असतात. वर्षानुवर्षे एका उंचीवर छाटल्यामुळे अशा ठोंबाला खालपासूनच चार-सहा खोडे फुटलेली असतात. निम्मे काम माळ्यांच्या तीन पिढ्यांनी फुकट करून ठेवलेले असते. शिवाय यूचे लाकूड कठीण आणि टिकाऊ. त्यातली मेलेली फांदी सोलून, कोरून, पांढरी करून तशीच ठेवता येते. फांदीचे असे केले की जिन आणि खोडाचे केले की शारी. झाड अनेक वादळांतून गेले आहे, असा पाहणाऱ्याचा समज व्हावा म्हणून हा खटाटोप. वास्तविक ते कुंपणातून उपटल्यानंतर थेट मोटारीच्या डिकीतून गेलेले असते.

यू विषारी आहे. लाल वेष्टण सोडले तर त्याची पाने, साल, बी यांतले काहीही पोटात जाऊ नये. या विषारी कुळाचा महाराष्ट्राशी जो एक भक्कम संबंध आहे, तो मात्र औषधाचा आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात पॅसिफिक यूच्या सालीतून टॅक्सॉल वेगळे काढले. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावरचे औषध म्हणून त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाने जगाला हेही दिले. नंदुरबारात आजही मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. यू दिसत नाही.

भारतातला यू हिमालयात, साधारण १,८०० ते ३,३०० मीटर उंचीवर, सावलीच्या ओलसर जंगलांत वाढतो. गढवालात त्याला थुनेर म्हणतात. सालीपानांसाठी त्याची इतकी तोड झाली की आज तो संकटग्रस्त प्रजातींत मोडतो आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. उमेळ्याची परिस्थिती याच्या उलट. नायगाव आणि वसई यांच्यामधले हे गाव खाडी, मिठागरे आणि वाड्या यांच्या शेजाराने वसलेले आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये सांगण्यापेक्षा भरतीच्या वेळापत्रकात सांगणे सोयीचे. यूला हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि पूर्ण विश्रांती लागते. उमेळ्यात पारा सोळा-सतरावर उतरला की माणसे स्वेटर घालतात आणि एकमेकांना महाबळेश्वरची आठवण करून देतात. झाडाचे तेवढ्यावर भागत नाही. हौसेने आणलेले हिमालयीन रोप पहिल्या पावसाळ्यात मुळे कुजवून घेते. त्यातून निभावलेच, तर ऑक्टोबरचे ऊन त्याचा निकाल लावते. ‘थंड हवेचं आहे, पण सवय होते हो त्याला,’ असे सांगून ते विकणारा तोवर पुढच्या प्रदर्शनाला गेलेला असतो.

तेव्हा उमेळ्यातल्या माणसाने यूचे तंत्र घ्यावे आणि झाड आपले घ्यावे. मुंबईत निकुंज आणि ज्योती पारेख यांनी आणि इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय स्टडी ग्रुपने जपानी शिस्त इथल्या झाडांना लावण्याचे काम पूर्वीच करून ठेवले आहे. वड-उंबराच्या कुळातली झाडे इथे सर्वांत सोयीची. त्यांतही पहिला मान नांद्रुकाचा. नर्सरीत हा ‘फायकस’ एवढ्याच नावाने मिळतो. पाने लहान, फांद्या दाट, छाटले की दुप्पट जोमाने फुटणारा. उंबर चालतो. वड चालतो, पण पाने लहान करायला वेळ घेतो. पिंपळ हट्टी, त्याला फांद्या फोडण्यापेक्षा सरळ वर जाण्यात रस असतो. चिंच उत्तम, मात्र तिला घाई चालत नाही. कामिनी आणि बोगनवेल यांचे जुने ठोंब वाड्यांच्या कुंपणांत सापडतात आणि ब्रिटनमधल्या यूच्या कुंपणाला आपल्याकडचे जवळचे उत्तर तेच आहे. वाडीचा सौदा झाला की पहिल्याच दिवशी बुलडोझर कुंपणावर जातो, म्हणून ठोंब हवा असणाऱ्याने बिल्डरच्या आधी पोचावे.

फुकट साहित्याचा दुसरा साठा इमारतींवर आहे. पाखरे फळे खातात, छज्ज्यावर बसतात, आणि तिसऱ्या मजल्याच्या सांडपाण्याच्या पाइपाशेजारी नांद्रुक उगवतो. भिंतीच्या चिरेत वाढल्यामुळे त्याची मुळे चपटी, पसरट आणि वाकडीतिकडी झालेली असतात. कुंडीतल्या झाडाला असे रूप यायला दहा वर्षे जावी लागतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला ते झाड काढून हवे असते आणि बोन्सायवाल्याला ते घेऊन हवे असते. वसई-विरारच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये दोन माणसांचे एखाद्या गोष्टीवर इतके पूर्ण एकमत होण्याचे दुसरे उदाहरण नाही. वसईच्या किल्ल्यात मात्र हा उद्योग करता येत नाही, कारण किल्ला संरक्षित स्मारक आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला. उरलेले काम नंतर वड-पिंपळांनी अंगावर घेतले. ते अजून चालू आहे. तिथल्या पडक्या चर्चच्या भिंतींवरून उतरलेली मुळे वही घेऊन जाऊन पाहावीत, कुदळ घरी ठेवावी. खाडीकाठच्या तिवराच्या बाबतीतही हेच. अनेक खोडे, उघडी मुळे, वाऱ्याने घडवलेला आकार, सगळे काही तिथे तयार आहे. पण तिवरांची तोड हा गुन्हा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले आहे.

जुना ठोंब मिळालाच नाही तर बहुखोडी झाड बांधून तयार करता येते. नांद्रुकाची पाच-सात कोवळी रोपे बुंध्याशी एकत्र घट्ट बांधून लावली की या कुळाच्या स्वभावाप्रमाणे त्यांच्या साली एकमेकींना चिकटतात आणि काही वर्षांत बुंधा एकजीव होतो. बांधताना सगळी रोपे एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली असावीत. निरनिराळ्या घरांतली रोपे एकत्र बांधली तर एकाची पाने मोठी, दुसऱ्याची लहान, एक आधी फुटणार आणि दुसरे रुसून बसणार. पाहणाऱ्याला फसवणूक लगेच कळते. सख्ख्या भावंडांतही भांडणे होतात, पण निदान चेहरेपट्टी तरी जुळते.

यानंतर खोडांची संख्या ठरवायची. नियम विषम संख्येचा आहे: तीन, पाच, सात. चार नको, कारण जपानी भाषेत चार आणि मृत्यू यांचा उच्चार सारखा होतो. खोडे दहाबाराच्या पुढे गेली की कोणी मोजत नाही आणि नियमही डोळे मिटून घेतो. चौथे खोड काढायचे ठरले की प्रश्न येतो, कोणते? बहुखोडी बोन्सायच्या इतिहासात सर्वाधिक वेळ या प्रश्नावर गेला आहे. प्रत्येक खोडाला स्वतःची एक तरी चांगली फांदी असते आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलणारा घरात कोणीतरी निघतो. शेवटी जे खोड कोणाचेच नाही ते जाते, आणि पुढच्या वर्षी लक्षात येते की तेच सर्वांत बरे होते. अमेरिकेतले जॉन नाका यांनी ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. १९४८ पासून त्यांनी घडवलेल्या ‘गोशिन’ या प्रसिद्ध वनात जुनिपरची ११ झाडे आहेत, ११ नातवंडांची प्रत्येकी एक. १९८४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला दिले गेले. प्रत्येकाला स्वतंत्र झाड दिल्यामुळे वाटणीचा प्रश्न आला नाही. नंतर मालमत्ताच सरकारजमा केल्यामुळे तो पुढेही येणार नाही.

राहिलेल्या खोडांत एक कर्ता ठरवावा लागतो. तो सर्वांत जाड आणि सर्वांत उंच. दुसरे खोड जाडीने आणि उंचीने त्याहून कमी, तिसरे त्याहूनही कमी. जाड खोड बुटके आणि बारीक खोड उंच राहिले, तर झाड पाहून माणूस अस्वस्थ होतो. कारण सांगता येत नाही, पण इथे काहीतरी कोर्टात चालले आहे एवढे जाणवते. कर्ता अगदी मधोमध नसावा, थोडा एका बाजूला असावा. खोडांमधली अंतरे समान नसावीत. दोन खोडे तळापासून फाटून गलोलीच्या दुबेळक्यासारखी दिसत असतील तर त्यांतले एक वाकवावे किंवा काढावे. सगळी खोडे साधारण एका दिशेने झुकलेली असावीत, कारण ती एकाच वाऱ्यात आणि एकाच उजेडात वाढली असे दाखवायचे असते. समोरून पाहताना एक खोड दुसऱ्याला पूर्ण झाकत नाही, अशी बाजू शोधून तिला दर्शनी बाजू ठरवायचे. यासाठी कुंडी फिरत्या पाटावर ठेवून हळूहळू फिरवतात. घरातली माणसे यात मदत करतात, म्हणजे प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी ‘थांब!’ म्हणतो.

कर्त्याशिवायही असे झाड चालते, याचा मोठा पुरावा कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात आहे. तिथल्या प्रचंड वडाचे मुख्य खोड वादळांनी आणि बुरशीने खिळखिळे झाले, म्हणून १९२५ मध्ये कापून काढले. झाड हजारो पारंब्यांवर आजही पसरतेच आहे. मूळ खातेदार जाऊन शतक उलटले, वारसनोंद झालेली नाही, आणि कोणाचेच काही अडलेले नाही. कुंडीत मात्र हा प्रयोग करू नये, कारण कुंडीतल्या झाडाला हजार वारस नसतात.

फांद्यांचा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक खोडाने आपल्या फांद्या बाहेरच्या बाजूला काढाव्यात, शेजाऱ्याच्या अंगावर नाही. आतल्या बाजूच्या, एकमेकांना छेदणाऱ्या, दुसऱ्याच्या हद्दीत घुसलेल्या फांद्या काढून टाकायच्या. सगळ्या खोडांचा पर्णसंभार मिळून एकच घेर दिसायला हवा. प्रत्येकाने स्वतःचा स्वतंत्र घुमट बांधला तर ते झाड राहत नाही, टॉवरचे कॉम्प्लेक्स होते. नांद्रुक कापला की पांढरा चीक वाहतो. तो ओल्या फडक्याने टिपावा आणि जखमेला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. कोकणातल्या आंबेवाल्यांकडे ती तयार असते. यूवर शोभणारे जिन-शारी इथे करायला जाऊ नये. नांद्रुकाचे मेलेले लाकूड कोकणच्या पावसात दोन वर्षांत भुसा होते, आणि वाळवी कलेची कदर करते ती खाऊनच. त्याऐवजी बुंध्यात ढोली राखावी. आपल्याकडच्या जुन्या वडांना तीच शोभते.

मग तार. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या जाडीच्या सुमारे तृतीयांश जाड घ्यायची आणि साधारण ४५ अंशांनी गुंडाळायची. नंतर फांदी अंगठ्यांच्या आधाराने हळूच वाकवायची. तांब्याची तार अधिक घट्ट धरते, पण ती आधी तापवून मऊ करावी लागते. इलेक्ट्रिशियनकडची वायर सोलून हे काम करणारे पुष्कळ आहेत. घरात एखाद्या दिव्याला वायर कमी पडली की शोध कुठे घ्यायचा, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असते. यूच्या फांदीला वळण मानवायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते, त्यामुळे तिथला माणूस तार गुंडाळून निवांत दौऱ्यावर जाऊ शकतो. नांद्रुकाला उमेळ्याच्या पावसात काही आठवड्यांत वळण बसते आणि पुढच्या काही आठवड्यांत तार सालीत रुतते. जुलै-ऑगस्टमध्ये तारेकडे दुर्लक्ष केले, तर गणपतीपर्यंत फांदीवर स्क्रूचे आटे उमटतात. ते पुढची कित्येक वर्षे प्रत्येक पाहुण्याला दिसतात आणि पाहुणा त्याविषयी विचारतोच.

इतके कापून, बांधून, ओढून झाल्यावर मुख्य अट येते: झाड नैसर्गिक दिसले पाहिजे. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि जर्मनीत स्थायिक झालेले वाल्टर पाल यांनी ही बाजू जोराने मांडली. पूर्वीच्या शैलीत फांद्यांचे व्यवस्थित, एकावर एक ढग रचत. पाल यांच्या वळणाच्या झाडांवर माणसाचा हात फिरल्याची खूण दिसू नये, असा आग्रह असतो. यामुळे काम कमी होईल असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते दुप्पट होते. आधी फांदी वळवायला कष्ट आणि मग ती कोणी वळवलेली नाही असे दाखवायला वेगळे कष्ट. झाडाकडे पाहून जाणकार ‘यात काही केलंयच कुठे?’ म्हणाला, तर ती शाबासकी समजायची. घरचे हेच वाक्य म्हणतात, तेव्हा त्यात गेल्या चार रविवारांचा हिशेब असतो.

नैसर्गिक म्हणजे नक्की कुठल्या निसर्गासारखे, हा प्रश्न उमेळ्यात जरा अवघड आहे. शैलीचे नियम सांगतात की नमुना आपल्या परिसरातल्या झाडांचा घ्यावा. परिसरातल्या झाडांची एक बाजू पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांसाठी तासलेली असते. दुसऱ्या बाजूला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स असतो आणि तो बांधायला वापरलेली तार कोणत्याही बोन्सायच्या तारेपेक्षा खोल रुतलेली असते. शेंड्यात जानेवारीतला मांजा, मधल्या फांदीवर नाताळात लावलेला आणि पुढच्या नाताळापर्यंत राहिलेला तारा, बुंध्याला ट्यूशन क्लासची पाटी आणि तिचे चार खिळे, भोवती पेव्हर ब्लॉकचा गच्च वेढा. काटेकोर निसर्गवादी माणसाने हे सारे कुंडीत आणायचे ठरवले, तर त्याला छोट्या आकाराचा फ्लेक्स छापून घ्यावा लागेल. अजून कोणी तो घेतलेला नाही. बहुतेक जण तडजोड म्हणून बावखलाच्या काठचे उंबर नमुना मानतात. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे पारंपरिक तळे. त्याच्या काठावर माणसाचा हात क्वचित फिरलेली, पाण्याकडे झुकलेली, चार-पाच खोडांची झाडे अजून दिसतात. अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली आहेत, तेव्हा नमुना पाहायला जाणाऱ्याने पुढच्या वर्षावर ढकलू नये.

वडाची जात घेतली असेल तर पारंब्या हा बहुखोडीपणाचा आणखी एक मार्ग. हवेत दमटपणा भरपूर असला की फांद्यांतून त्या आपोआप सुटतात आणि दमटपणाच्या बाबतीत उमेळे जगात कोणाला हार जाणार नाही. पारंबी मातीपर्यंत पोचण्याआधी सुकू नये म्हणून ती शीतपेयाच्या नळीतून खाली उतरवतात. प्लॅस्टिकच्या नळ्यांवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये आणि देशभर जुलै २०२२ पासून बंदी आली. कागदी नळी पारंबी निम्म्यावर यायच्या आत विरघळते. त्यामुळे बोन्सायवाल्यांच्या कपाटात जुन्या नळ्यांचा जो साठा आहे, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. पारंबी एकदा मातीत रुजली की वर्षागणिक जाड होते आणि तिलाही खोड म्हणवून घ्यायचा हक्क प्राप्त होतो. पाचाचे सहा झाले की विषम संख्येचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू.

कुंडी उथळ असावी. उंच झाडाला तिची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश. तळाची भोके मच्छरजाळीच्या तुकड्याने झाकावीत. जपानी पुस्तकांतली आकादामा माती किलोवर विकत घेणे शक्य आहे, पण त्या भावात वसईत पूर्वी जमीन मिळत असे. विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू आणि जुने शेणखत यांवर इथली झाडे आनंदाने राहतात. विटांचे तुकडे मिळत नाहीत असा वसई-विरारमधला रस्ता शोधून सापडायचा नाही. माती बारीक असली की पावसात चिखल होतो आणि मुळे कुजतात. जुलै २०१८ मध्ये सगळी वसईच पाण्यात बुडाली तेव्हा कुंडीच्या निचऱ्याला अर्थ उरला नव्हता. अशा वेळी कुंडी माळ्यावर आणि माणसे तिच्या शेजारी, एवढाच उपाय.

खरी अडचण उन्हाळ्यात येते. खाडीलगतच्या बोअरचे पाणी मचूळ असते आणि ते रोज घातले की पानांच्या कडा करपतात. सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाला येते तेव्हा पिण्यासाठी पिंप भरायचे की झाडासाठी, हा निर्णय घरात मतदानाने होतो आणि झाडाला मताधिकार नसतो. टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. वर्षातून एकदा, पहिल्या दमदार पावसात कुंडी उघड्यावर ठेवून साचलेला खार धुऊन जाऊ द्यावा. मे महिन्यात घरचे सगळे गावी किंवा लग्नाला जातात आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे राहते. काकूंना दोन टोकांपैकी एक पद्धत माहीत असते: तुळशीला घालतात तेवढे, म्हणजे तांब्याभर सकाळ-संध्याकाळ, किंवा ‘विसरले गं बाई.’

सोसायटीत बोन्सायविरुद्धचा मुख्य आक्षेप वास्तुशास्त्राचा असतो. झाडाची वाढ खुंटवली की घराची भरभराट खुंटते, असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या गॅलरीत ग्रिलचा पिंजरा, कपड्यांची दोरी आणि जुना एसी असल्यामुळे झाडाला जागा नसते, म्हणून त्याची भरभराट सुरक्षित आहे. जपानमध्ये ओमिया इथे १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोहून गेलेल्या बोन्सायवाल्यांनी एक गाव वसवले. तिथले जुने नियम असे: प्रत्येक घरात निदान दहा बोन्साय हवेत, फाटक सर्वांसाठी उघडे असावे, कुंपण झुडपांचेच असावे आणि घराला दुसरा मजला नसावा. यांपैकी एक जरी नियम उमेळ्यात वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडला, तर सभा कोरमअभावी तहकूब होईल. शेवटच्या नियमावर मात्र गणसंख्या पूर्ण होईल आणि पोलीसही बोलवावे लागतील.

वडाचे बोन्साय असेल तर त्याला वर्षातून एक दिवस सामाजिक जबाबदारी असते. वटपौर्णिमेला रस्त्यावरचा वड दूर असतो किंवा गर्दीत असतो, आणि बाजारात वडाच्या तोडलेल्या डहाळ्या विकत मिळतात. गॅलरीत मुळासकट जिवंत वड आहे ही बातमी इमारतीत पसरली, की सकाळी सातपासून बेल वाजू लागते. अडचण फेऱ्यांची. भिंतीला टेकलेल्या टेबलाभोवती सात प्रदक्षिणा घालता येत नाहीत. ज्या घरात फिरता पाट आहे तिथे तोडगा निघतो: वहिनी सूत धरून एका जागी उभ्या राहतात आणि झाड सात फेरे घेते. धार्मिक दृष्ट्या याचे फळ कोणाला मिळते, यावर मतभेद आहेत. बागकामाच्या दृष्टीने परिणाम स्पष्ट असतो. वर्षभर तारा लावून जी खोडे बाहेरच्या बाजूला नेली, ती वीस घरांच्या सुताने संध्याकाळपर्यंत पुन्हा आत ओढली जातात. सूत त्याच दिवशी कापू नये, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. दुसऱ्या दिवशी कापले तर चालते.

याच सुमारास, पाऊस लागला की कुंडी बदलण्याचा हंगाम येतो. नांद्रुक दर दोन वर्षांनी बाहेर काढून मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटावा आणि ताज्या मिश्रणात पुन्हा बसवावा. बुंध्याजवळची जाड मुळे चारही दिशांना पसरलेली दिसली पाहिजेत. खाली सरळ जाणारी काढून टाकावीत. निरोगी झाड असेल तर नंतर कधीतरी त्याची सगळी पाने देठ ठेवून कापता येतात. दोनतीन आठवड्यांत येणारी नवी पालवी पहिल्यापेक्षा लहान असते. मधल्या काळात घरात येणारा प्रत्येक माणूस ‘गेलं वाटतं’ म्हणून हळहळतो.

छाटणीत निघालेल्या फांद्या टाकवत नाहीत. पावसाळ्यात नांद्रुकाची काडी मातीत खोचली की बहुधा जगते, त्यामुळे एका झाडाच्या एका छाटणीतून डझनभर रोपे तयार होतात. पुढच्या वर्षी ती पाच-पाचच्या जुडीने बांधून नवी बहुखोडी झाडे करता येतात. गॅलरी भरली की ती दहीहंडी ते दिवाळी या काळात नात्यात वाटली जातात. पाहुणा नको म्हणू शकत नाही. रोप रिक्षात मांडीवर घेऊन तो नायगाव स्टेशनपर्यंत जातो आणि लोकलमध्ये शिरल्यावर त्याच्या ध्यानात येते की विरार फास्टच्या गर्दीत पाच खोडांच्या झाडाला धरायला कडी नसते.